मुळांना वेळच मिळाला नाही

स्पेनच्या दक्षिणेला, सेव्हिल शहरापासून पश्चिमेकडे तीस-पस्तीस किलोमीटरवर अस्नालकोयार नावाचं खाणगाव आहे. २५ एप्रिल १९९८ ला मध्यरात्रीनंतर तिथल्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला. माणूस एकही दगावला नाही, त्यामुळे जगाच्या बातम्यांतून ही घटना लवकर उतरली. पण त्या एका रात्रीत ग्वादियामार नदीच्या खोऱ्यातली सुमारे साडेचार हजार हेक्टर जमीन आर्सेनिक, शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम आणि थॅलियमच्या तावडीत सापडली. त्या जमिनीत मुळं होती. मुळं निमूटपणे मरत नाहीत, ती झुंजतात. त्या झुंजीचा हा घटनाक्रम आहे.

खाणीत आणि नदीत काय झालं ते तपासांतून आणि मोजमापांतून बाहेर आलं. विषारी धातू भिडल्यावर मुळाच्या आत मिनिटामिनिटाला काय घडतं, ते कॅनबेरा, म्युनिक, हॅनोव्हर, ओकायामा अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांनी गेल्या चाळीसेक वर्षांत उलगडलं. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवली की त्या रात्रीचा खरा अर्थ लागतो.

वीस वर्षं आधी

अस्नालकोयार ज्या खडकांवर वसलंय त्यांना आयबेरियन पायराइट पट्टा म्हणतात. सेव्हिलपासून थेट पोर्तुगालपर्यंत गेलेल्या या पट्ट्यात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं संयुग, ठासून भरलंय. सोबत जस्त, शिसं, तांबं आणि थोडी चांदी. रोमनांच्याही आधीपासून इथे खोदकाम चालत आलं आहे. अस्नालकोयारच्या उघड्या खाणीचा टाकाऊ गाळ १९७८ पासून आग्रियो या छोट्या नदीच्या काठी बांध घालून साठवला जाऊ लागला. खडक वस्त्रगाळ दळायचा, त्यातून हवे ते धातू काढून घ्यायचे आणि उरलेला पायराइटचा चुरा पाण्याखाली ठेवायचा, अशी पद्धत. पाण्याखालीच ठेवायचा, कारण पायराइटला हवा लागली की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि त्या आम्लात धातू विरघळून मोकळे होतात.

गाळ वाढत गेला तसा बांधही वर्षागणिक वाढवला गेला. अखेरीस त्याची उंची पंचवीस मीटरच्या वर गेली. त्याच्या पायाखाली ग्वादालकिव्हिर खोऱ्यातली निळसर चिकणमाती होती. ही माती हाताला टणक लागते, पण तिच्यात एकदा घसरण सुरू झाली की तिची ताकद झपाट्याने जाते. वरचं ओझं वाढेल तसा मातीच्या कणांमधल्या पाण्यावर दाब चढतो, आणि इतक्या घट्ट मातीतून ते पाणी निसटायला वर्षानुवर्षं लागतात. बार्सिलोनाच्या तंत्रविद्यापीठातले एदुआर्दो अलोन्सो आणि आंतोनियो जेन्स यांनी पुढे हे सगळं गणित मांडून दाखवलं. बांध स्वतः मोडला नाही, त्याच्या खालची जमीन सरकली.

याच पायराइट पट्ट्यात, शेजारच्या उएल्वा प्रांतात रिओ तिंतो ही लालभडक, आम्लाने जळजळीत नदी वाहते. तिच्या काठावर एरिका अँडेव्हॅलेन्सिस नावाचं गुलाबी फुलांचं झुडूप उगवतं. या पट्ट्याबाहेर ते जवळजवळ कुठेच सापडत नाही. ज्या मातीत गहू दोन दिवस तग धरणार नाही तिथे या झुडपाची मुळं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. म्हणजे धातूंपुढे मुळं हतबल असतात असं मुळीच नाही. लिव्हरपूलच्या टोनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर हेच पाहिलं होतं. साध्या कुरणातल्या गवताचं बी त्या विषारी मातीत पेरलं की हजारात एखादं रोप टिकतं, त्याचंच बी पुढे पसरतं आणि काही पिढ्यांत ढिगारा हिरवा होतो. त्यासाठी वर्षं लागतात.

अडीच-तीन वर्षं आधी

१९९५ च्या सुमारास खाणीत काम केलेल्या एका अभियंत्याने बांधातून पाणी झिरपत असल्याची आणि बांध धोक्याचा असल्याची तक्रार केली. पर्यावरणवाद्यांनी ती पुढे नेली. १९९६ मध्ये बांधाच्या स्थैर्याचा अभ्यास झाला आणि तो पक्का असल्याचा निर्वाळा देण्यात आला. बांधाची उंची वाढतच राहिली. खाण तेव्हा बोलिडेन या कंपनीच्या स्पॅनिश शाखेकडे होती. जवळचाच लोस फ्रायलेस हा नवा साठा खोदायला सुरुवात झाली होती आणि गाळाला जागा हवी होती.

माझ्या मते आपत्तीची पहिली घटका इथे भरली. रात्रीच्या अंधारात जे झालं ते या निर्वाळ्याचं फळ होतं.

शुक्रवार, २४ एप्रिल १९९८, दिवसभर

ग्वादियामारच्या काठाने शेती होती. सूर्यफूल, ज्वारी, कापूस, गहू, संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागा, गुरांची कुरणं आणि खाली सपाटीला भातखाचरं. एप्रिलअखेर सूर्यफूल कोवळं असतं, त्याची मुळं जोमात खाली जात असतात. त्याहीपुढे दक्षिणेला दोन्याना: १९६९ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९९४ पासून जागतिक वारसास्थळ. लाखो पाणपक्षी इथे उतरतात.

अशा वेळी एका मुळाचं टोक जवळून पाहिलं तर काय दिसेल? अगदी पुढे मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी सतत सुट्या होऊन मातीत सांडत असतात आणि त्यांच्याभोवती चिकट, बुळबुळीत द्रवाचा थेंब असतो. तो थेंब मुळाला खरखरीत मातीतून सरकायला मदत करतो, एवढंच पूर्वी समजलं जायचं. त्या बुळबुळीत द्रवात पेक्टिनसारखी आम्लधर्मी साखळीद्रव्यं असतात आणि शिसं, तांबं, ॲल्युमिनियम यांचे धनभारित आयन त्यांना चिकटून बसतात. सुट्या झालेल्या पेशी विष अंगावर घेतात आणि मरतात, मागचं टोक वाढत राहतं. टोपीच्या मागे पेशी विभागण्याचा भाग, आणि त्याच्या जरा मागे, टोकापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर, एक अरुंद पट्टा असतो. तिथे पेशी विभागणं थांबवून लांबायला लागतात. मुळाचा सगळ्यांत हळवा भाग हाच. १९९८ च्याच जानेवारीत हॅनोव्हरच्या मायंडी सिवागुरू आणि वाल्टर होर्स्ट यांनी मक्याच्या मुळावर हे दाखवून दिलं होतं. ॲल्युमिनियम फक्त त्या पट्ट्याला लावलं तरी सगळ्या मुळाची वाढ मंदावते.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या खोऱ्यातल्या मुळांना यातलं फारसं काही वापरायची गरज नव्हती. जमीन पिकाऊ होती. नदीच्या खालच्या अंगाला मातीत चुनखडी होती आणि चुनखडी आम्ल मारते.

शनिवार, २५ एप्रिल, मध्यरात्रीनंतरचा पहिला तास

साडेबारा ते एकच्या दरम्यान बांधाच्या पूर्व बाजूखालची माती चौदा-एक मीटर खोलीवर सरकली. त्यासोबत शेकडो मीटर लांबीचा बांधाचा तुकडा पुढे गेला, काही ठिकाणी पन्नास-साठ मीटर. बांधाला सुमारे पन्नास मीटरचं भगदाड पडलं. आतला गाळ हादऱ्याने पातळ झाला आणि आम्लपाण्यासकट बाहेर कोसळला. पाणी आणि गाळ मिळून सुमारे ६० लाख घनमीटर. भूकंप नव्हता, अतिवृष्टी नव्हती.

गाळात तीन चतुर्थांशाहून जास्त पायराइट होतं. जस्त आणि शिसं प्रत्येकी पाऊण टक्क्याच्या आसपास, आर्सेनिक सुमारे अर्धा टक्का. टक्क्यांत हे आकडे किरकोळ वाटतील. मातीत आर्सेनिक किलोमागे दहा-वीस मिलिग्रॅम असलं तरी आपण त्याकडे लक्ष ठेवतो, आणि इथे ते किलोमागे पाच हजारांच्या घरात होतं.

रात्री एक ते पहाट

लोंढा आग्रियोतून ग्वादियामारमध्ये शिरला, नदीचं पात्र सोडून दोन्ही काठांवर चढला आणि दक्षिणेकडे निघाला. सानलुकार ला मायोर, मग अस्नालकासारच्या बाजूने खाली. पाणी ओसरत गेलं, पण गाळ मागे राहिला. बांधाजवळ त्याचा थर मीटरहून जाड होता, खाली जाता जाता तो काही सेंटिमीटरांवर आला. चाळीस किलोमीटर लांब, काळाकरडा, गंधकाचा वास असलेला पट्टा.

भारी, चिकण जमिनीत भेगा असतात. मुळं कुजून गेल्यावर उरलेल्या नळ्या असतात, गांडुळांची बिळं असतात. नांगरलेली ढेकळांची जमीन तर आतून मोकळीच. गाळाचं पाणी आणि बारीक चुरा या वाटांनी खाली उतरला. ज्या पोकळ्यांमुळे मुळांना एरवी हवा मिळते, त्यांतूनच विष मुळांपर्यंत गेलं.

मुळाजवळ, पहिली पंधरा मिनिटं

आम्लपाणी मुळाशी पोचतं तेव्हा आधी तांबं घात करतं. जादा तांबं पेशीपटलाला भोकं पाडतं, पेशीतलं पालाश बाहेर गळायला लागतं. त्याच वेळी आम्ल चिकणमातीच्या कणांतून ॲल्युमिनियम सोडवत असतं. सामू पाचच्या वर असतो तोवर ॲल्युमिनियम मातीत बांधलेलं राहतं, त्याखाली गेला की ते विरघळतं. म्हणजे खाणीतून जे आलं त्यात शेताच्या मातीतून निघालेल्या विषाची भर पडली.

ॲल्युमिनियमला मूळ जे उत्तर देतं ते मला वनस्पतिशास्त्रातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतं. कॅनबेरात इमॅन्युएल डेलेझ, पीटर रायन आणि पीटर रँडल यांनी १९९३ मध्ये गव्हाच्या दोन वाणांत फरक पाहिला. आम्लधर्मी जमिनीत टिकणाऱ्या गव्हाचं मूळ ॲल्युमिनियम लागताच टोकातून मॅलिक आम्ल बाहेर सोडतं, आणि न टिकणाऱ्या वाणाच्या कितीतरी पट सोडतं. पंधरा मिनिटांत ते मोजता येतं. म्हणजे मुळाला काही नवं घडवायची गरज पडत नाही. दार आधीपासून बसवलेलं असतं, ॲल्युमिनियम आलं की ते उघडतं. मॅलिक आम्ल बाहेरच्या पाण्यात ॲल्युमिनियमला घट्ट पकडतं आणि मग ते मुळात शिरू शकत नाही. या दाराचा जनुक ओकायामात २००४ मध्ये सापडला. आपली ज्वारी यासाठी सायट्रिक आम्ल वापरते. ब्राझीलमधल्या कृषी संशोधन संस्थेने आणि अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या लोकांनी तिचा जनुक २००७ मध्ये जगापुढे आणला. सोलापुरात भाकरीला लागणारं हे धान्य आम्लधर्मी जमिनीतल्या धातूशी असं झगडतं, हे आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकांत यायला हवं.

पण या उत्तराला मर्यादा आहे. मुळाच्या टोकाभोवती मिलिमीटरभर जागेत हे आम्ल पुरतं. सगळं शेतच आम्लात बुडालं की ते सोडल्यासोडल्या वाहून जातं.

पहिला तास

आता लांबणाऱ्या पेशींच्या भिंतींत धातू बसू लागतात. पेशीभित्तिकेतलं पेक्टिन त्यांना धरून ठेवतं आणि भिंत ताठ होते. मुळाची वाढ थांबते. ॲल्युमिनियमने ही वाढ अर्ध्या-एका तासात थांबलेली प्रयोगात दिसते. वाढ थांबणं म्हणजे निव्वळ इजा, असं मी समजत नाही. पुढे विष असेल तर तिकडे जायचं नाही, यात शहाणपण आहे. ज्या मुळाचा एक भाग विषारी मातीत आणि दुसरा चांगल्या मातीत असतो, ते विषारी बाजूचं टोक थांबवतं आणि चांगल्या बाजूला बारीक मुळं फोडतं. त्या रात्री चांगली बाजू शिल्लक नव्हती.

आत जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर शेवटचा अडसर असतो तो कॅस्पेरियन पट्ट्याचा. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्पारी यांनी तो १८६५ मध्ये वर्णन केला. मुळाच्या मध्यभागी असलेल्या वाहिन्यांभोवती पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींच्या मधल्या फटी लिग्निनने लिंपलेल्या असतात. गावकुसाला एकच वेस असावी आणि येणाऱ्या प्रत्येकाला तिथेच अडवून पाहावं, तसं इथे चालतं. पेशींच्या फटींतून सरळ वर जाता येत नाही, प्रत्येक आयनाला पेशीपटल ओलांडावं लागतं. पण ही वेस मुळाच्या कोवळ्या टोकाशी अजून पुरी झालेली नसते. शिवाय तांब्याने पेशीपटलच फाडलं असेल तर वेशीवर पहारा उरत नाही.

तीन ते सहा तास

जे धातू पेशीत शिरले त्यांच्यासाठी मुळाकडे आणखी एक शस्त्र असतं. १९८५ मध्ये एर्विन ग्रिल, एर्न्स्ट-लुडविग विनाकर आणि माइनहार्ट त्सेंक यांनी म्युनिकमध्ये ते ओळखलं. पेशीत ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू नेहमीच असतो आणि त्यात गंधक असतं. कॅडमियम पेशीत आलं की आधीपासून तयार असलेलं एक विकर जागं होतं आणि ग्लुटाथायोनचे तुकडे एकापुढे एक जोडत लहान साखळ्या तयार करतं. त्यांना फायटोकेलॅटिन म्हणतात. साखळीतल्या गंधकाला कॅडमियम आणि आर्सेनिक चिकटतात आणि हे जोड पेशीतल्या रिक्तिकेत नेऊन बंद केले जातात. रिक्तिका हे पेशीचं मोठं, पाण्याने भरलेलं कोठार असतं. तिथे धातू असला तरी पेशीच्या कामकाजाला त्याचा स्पर्श होत नाही.

धातू आल्याखेरीज हे विकर कामाला लागत नाही, आणि आल्यावर मिनिटांत लागतं. मात्र साखळ्या बनवायला ग्लुटाथायोन खर्ची पडतं. त्यासाठी गंधक लागतं, नत्र लागतं आणि ऊर्जा लागते. कोठारापर्यंत वाहून नेणाऱ्या प्रथिनांनाही ऊर्जा लागते. साठा संपला की नवा करावा लागतो आणि त्याला वेळ हवा.

आर्सेनिकची चाल वेगळी. आर्सेनेटचा रेणू रचनेने स्फुरदाच्या जवळचा असतो, त्यामुळे मूळ त्याला स्फुरद समजून स्वतःच आत घेतं. ज्या वाहकाने झाड जगतं त्याच वाहकाने विष येतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या जुन्या खाणींवरच्या गवतांत अँड्र्यू मेहार्ग आणि मार्क मॅकनेअर यांना यावरचा तोडगा दिसला होता. तिथल्या गवताने स्फुरद ओढणारा तो जोरकस वाहक जवळपास दाबून टाकलेला होता. थोडं उपाशी राहायचं, पण विष घ्यायचं नाही. तो तोडगा पिढ्यांनी मिळवलेला होता. ग्वादियामारच्या सूर्यफुलाकडे तो नव्हता.

उजाडताना

मुळांची खरी हार हवेअभावी झाली असं मला वाटतं. पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. चिकट गाळाने जमीन झाकली की मुळाजवळचा ऑक्सिजन काही तासांत संपतो. मग पेशीची ऊर्जा घटते. ऊर्जा घटली की पेशीपटलावरचे पंप थांबतात, रिक्तिकेत नेणारे वाहक मंदावतात, नव्या साखळ्या बनत नाहीत. वर सांगितलेल्या संरक्षणाच्या बहुतेक रीती ऊर्जेवर चालतात, आणि लोंढ्याने धातू आणण्यासोबतच श्वास काढून घेतला.

सकाळी लोकांनी पाहिलं ते नदीत तरंगणारे मासे. पुढच्या दिवसांत तीस टनांहून जास्त मेलेले मासे गोळा करावे लागले.

शनिवार दुपार ते रविवार

दोन्यानाच्या वेशीवर एन्त्रेमुरोस नावाचा, दोन बांधांमधला पाणथळ पट्टा आहे. तिथे घाईघाईने मातीचे आडबांध घालण्यात आले. त्यामुळे लोंढा तिथेच अडला आणि राष्ट्रीय उद्यानाचं शंभर हेक्टरांहूनही कमी क्षेत्र बाधित झालं. अडवलेलं आम्लपाणी पुढे उन्हाळ्यात रसायनांनी निवळवून सोडण्यात आलं. खालच्या सपाटीवरची इस्ला मायोरची भातशेती मोठ्या प्रमाणात वाचली.

भाताच्या मुळाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. भाताचं मूळ चिखलात श्वास घेतं, कारण त्याच्या आतल्या पोकळ्यांतून पानांकडून ऑक्सिजन खाली येतो. तो थोडा बाहेर झिरपतो. मुळाभोवतीच्या पाण्यातलं लोखंड त्या ऑक्सिजनने गंजतं आणि मुळावर तांबूस पापुद्रा चढतो. आर्सेनिक या लोखंडी पापुद्र्याला चिकटून बाहेरच राहतं. गोव्यात किंवा कोकणात भाताचं रोप उपटून पाण्यात खळबळून पाहिलं तर हा तांबूस लेप उघड्या डोळ्यांना दिसतो. लव्हाळ्यांच्या कंदांचं मात्र उलटं. एन्त्रेमुरोसच्या पाणवनस्पतींनी जमिनीखालच्या भागात धातू साठवून पाती तुलनेने स्वच्छ ठेवली. पण हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हंस चिखल उकरून नेमके तेच कंद खातात. संशोधकांना पुढे त्या कंदांवर आणि हंसांवर नजर ठेवावी लागली.

पुढचे काही आठवडे

पाणी ओसरल्यावर लोकांना वाटलं, संकट टळलं. जमिनीसाठी मात्र दुसरं संकट आता सुरू झालं. दक्षिण स्पेनचं मे-जूनचं ऊन पडलं आणि गाळ वाळू लागला. वीस वर्षं ज्या कारणासाठी तो पाण्याखाली ठेवला होता तेच आता घडलं. पायराइटला हवा लागली, त्यातून आम्ल निघालं आणि दुसरं काही न करता जागच्या जागी धातू सुटे होऊ लागले. गाळावर पांढरट-पिवळट क्षारांची पापडी फुलून आली. ती पाण्यात विरघळणारी होती. म्हणजे पहिल्या पावसासरशी ती मुळांच्या थरात उतरणार, हे उघड होतं. चुनखडी असलेल्या खालच्या जमिनींनी बरंच आम्ल पचवलं. खाणीजवळच्या, चुनखडी नसलेल्या जमिनींचा सामू मात्र पार खाली गेला.

पिकांचं काय झालं? सेव्हिलच्या नैसर्गिक साधनसंपत्ती संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बाधित सूर्यफूल आणि ज्वारी तपासली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. जी झाडं जगली त्यांच्या अंगात धातू नेहमीपेक्षा वाढलेले होते. तरी ती जगली, हेच मुळांच्या बाजूने मोठं आहे.

मे ते डिसेंबर १९९८

शरदातल्या पावसाच्या आत गाळ उचलायचा होता. मे महिन्यापासून यंत्रं लागली. गाळ आणि त्याखालची वरची माती खरवडून ट्रकांनी जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेण्यात आली, एकूण सुमारे ७० लाख घनमीटर. वर्षअखेरीस मुख्य काम उरकलं. पण खरवडताना यंत्रांच्या चाकांखाली काही गाळ मातीत मिसळलाच, आणि ज्या जमिनीवर पिकं व्हायची तिचा वरचा सुपीक थर कायमचा गेला. आंदालुसियाच्या सरकारने शेतकऱ्यांकडून ही जमीन विकत घेतली आणि तिथली शेती बंद केली.

मग मुळांना पुन्हा बोलावण्यात आलं, या वेळी आधी जमीन सावरून. बिटापासून साखर करताना निघणारा चुन्याचा साका पसरण्यात आला, त्याने सामू वर आला. लोखंडाने लाल झालेली माती पसरण्यात आली, तिने आर्सेनिक धरलं. सेंद्रिय खत घालण्यात आलं. त्यावर तिथलीच झाडं लावली: होल्म ओक, रानऑलिव्ह, पांढरा पॉप्लर, विलो. २००३ मध्ये हा पट्टा संरक्षित भूदृश्य म्हणून जाहीर झाला.

झाडांच्या स्वभावातला फरक तिथे स्पष्ट दिसला. ओक आणि ऑलिव्ह धातू मुळांतच रोखतात, पानांपर्यंत फार जाऊ देत नाहीत. पांढरा पॉप्लर कॅडमियम आणि जस्त पानांत चढवतो आणि पानगळीत ते पुन्हा जमिनीवर येतं. म्हणून झाड निवडताना ते किती जोमाने वाढतं एवढं पाहून चालत नाही, त्याचं मूळ वर काय सोडतं ते पाहावं लागतं. पांढऱ्या ल्युपिनवरही तिथे प्रयोग झाले. त्याची झुपकेदार मुळं सायट्रिक आम्ल सोडतात, आणि आम्लधर्मी, धातूग्रस्त जमीन धरून ठेवायला हे कडधान्य उपयोगी पडू शकतं.

इतकं करूनही त्या खोऱ्यात काही ठिकाणी अजून उघडे ठिपके आहेत. ज्या जागी गाळ मातीत मिसळून राहिला तिथे सामू अजून खाली आहे, आणि दोन दशकांनंतरही तिथे काही उगवत नाही. आजूबाजूची मुळं त्या ठिपक्यांच्या कडेला येऊन थांबतात.

आता, आपल्याकडे

ही गोष्ट दूर स्पेनची म्हणून सोडून देता येणार नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिज धुताना निघणारा गाळ तळ्यांमध्ये साठवला जातो. पावसात खाणींची लाल माती भातखाचरांत उतरल्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत. गोव्याचं खनिज अस्नालकोयारसारखं पायराइटने भरलेलं नाही, आणि त्यात आर्सेनिकचा तो भडिमार नाही. पण बारीक गाळाने भाताच्या मुळाचा श्वास कोंडणं आणि लोखंडाचा अतिरेक होऊन पानं तपकिरी पडणं, या दोन गोष्टी तिथल्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नकोत. २०१२ आणि २०१८ च्या बंदीनंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झालं. अस्नालकोयारचं खाणक्षेत्रही पुन्हा चालवण्यासाठी २०१५ मध्ये निविदेतून कंपनी निवडली गेली.

भाताच्या मुळावरचा तांबूस लेप एका मर्यादेपर्यंतच काम करतो, हे शेताच्या मालकाला माहीत असतं. बांधाची मर्यादा मात्र त्याला कोणी सांगत नाही. म्हणून गाळतळ्याखालच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत तीन कागद मागावेत: बांधाखाली कोणती माती आहे, तिच्यातल्या पाण्याचा दाब शेवटचा कधी मोजला, आणि ज्यांनी तक्रारी केल्या त्यांना काय उत्तर दिलं. हे कागद पावसाळ्याच्या आधी मागा.